बिनरागाचा कुत्रा

१

दसरा होऊन आठ दिवस झाले होते आणि हवा अशी अडून बसली होती की खाडीकडून एक झुळूक येईल तर शपथ. आभाळ राखुंडीच्या रंगाचं. ऊन डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पाठीला लागत होतं. टॉवरांच्या कामावरची धूळ उडाली होती तिथेच लोंबकळत होती, खाली बसायचं नाव घेत नव्हती. बाळकुम नाक्यावरचे रिक्षावाले तोंडाला ओले रुमाल बांधून, एकमेकांशी न बोलता उभे होते.

अशा दिवशी पंढरी सकाळी लवकर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, अर्धा तास गॅलरीत नुसता बसून राहिला. अंगाचा साबणाचा वास जायला हवा होता. कुत्र्यासमोर जायचं तर अंगाला माणसाचाच वास हवा, असं त्याचं म्हणणं.

पंढरीचे वाडवडील मिठागरावर राबलेले. मिठागराच्या राखणीला बापाने सात कुत्री ठेवली होती आणि पंढरी शाळेत जायच्या वयात त्या सातांमध्ये वाढला. शाळेत काही गेला नाही. पुढे मिठागरं गेली, भाताची खाचरं गेली, त्यांच्यावर वीस-वीस मजले उभे राहिले आणि त्यातल्याच एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्याला दोन खोल्या मिळाल्या. कुत्री तेवढी सुटली नाहीत. गेली तीस वर्षं ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडचे जातिवंत कुत्री पाळणारे लोक त्याला गाडी पाठवून बोलवत. दात मोजायला, कमरेचा एक्स-रे काढायला डॉक्टर असतात. वंशावळीचे कागद केनेल क्लबाकडून येतात. पण हे जनावर जोड लावायच्या लायकीचं आहे का, याचा स्वभाव पुढे सात-आठ पिल्लांत वाटला गेला तर चालेल का, हे सांगायला पंढरी लागे.

त्याची रीत निराळी होती. रिकामी खोली, एक स्टूल, आणि कुत्र्याकडे पाठ करून बसायचं. दोन तास, कधी तीन. वळून बघायचं नाही. भित्रं जनावर दाराशीच राहतं, त्याची नखं लादीवर वाजत राहतात. खुनशी असेल ते आवाज न करता जवळ येतं. चांगलं जनावर येतं, मानेपाशी हुंगतं, कंटाळतं आणि मोठा उसासा टाकून बसतं. त्या उसाशाची पंढरी वाट बघायचा. मधे एकदा स्टीलची थाळी पाडायची, एकदा छत्री खटकन उघडायची. बाकी नुसतं ऐकायचं. उठल्यावर तो एकच शब्द बोले, हो किंवा नाय, आणि घरी जाई. त्यानंतर शाई, कागद, लिहिणं, वाचून दाखवणं हे त्याला नको वाटे. म्हणून अंगठा तो आधीच देऊन ठेवी, कोऱ्या फॉर्मवर, चहा पितानाच. तीस वर्षांत कोणी त्याच्या शब्दाबाहेर काही लिहिलं नव्हतं.

२

कल्याणजवळच्या मोहन्याला, रेयॉनच्या जुन्या कंपनीच्या मागे नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऋतुराजचा बंगला होता. ऋतुराज पस्तिशीचा, गोरा, सारखं घड्याळ बघणारा. अंगणात जाळीच्या खोल्या, त्यात लॅब्राडॉरच्या माद्या. नर एकच. बाहेरून आणलेला, बिस्किटाच्या रंगाचा, रुंद डोक्याचा. नाव मार्शल.

"काका, हा बघा आमचा हिरो. आत्तापर्यंत कधी साधा गुरगुरला नाही," ऋतुराज म्हणाला. "हाडं वाटीतून काढून घ्या, कान ओढा, काही करा. संत आहे संत."

"तुमी सांगू नका," पंढरी हळूच म्हणाला. "मना बसू दे आधी."

चहा आला. कपबशा आल्या त्यातल्या कुठल्याही दोन एकसारख्या नव्हत्या. चहा आणणारी ऋतुराजची बायको कांता, तिच्या मनगटाला क्रेपची पट्टी होती. पंढरीची नजर तिथे गेली तसं ती आपणहून म्हणाली, "बाथरूममध्ये घसरले." पंढरीने कोऱ्या फॉर्मवर अंगठा दिला, शाई फडक्याला पुसली आणि जिना चढला.

वरच्या खोलीत एक खिडकी, ती बंद. कोट्याची लादी. मधोमध स्टूल. पंढरी भिंतीकडे तोंड करून बसला. मागे दार उघडलं, चार पायांची नखं वाजली, दार लागलं. मार्शल आला. सरळ आला, थांबला नाही. मानेपाशी त्याचा श्वास ऊन लागला. कसली घाई नाही, कसली भीती नाही. पंढरी मनात म्हणाला, बेस जनावर.

आणि मग त्याला धाकू आठवला.

धाकू त्याचा थोरला भाऊ. वारून बारा वर्षं झालेला. पंढरीच्या हळदीच्या दिवशी मांडवात, चार लोकांसमोर धाकू त्याच्या काळ्या पायांवरून हसला होता. पंचेचाळीस वर्षांत पंढरीला ही गोष्ट कधी आठवली नव्हती. आता ती अशी समोर उभी राहिली की मांडवातल्या हळदीचा वास आला. पायांच्या बोटांपासून काहीतरी तापत वर चढायला लागलं. गुडघे, पोट, छाती. पंढरीला आधी वाटलं, चक्कर येते आहे, खोली कोंदट आहे. मग कळलं, हा राग आहे. कळायला वेळ लागला, कारण त्याला त्याची ओळखच नव्हती.

मागे मार्शल दूर गेला. नखं वाजली, खिडकीपर्यंत. राग उतरला. मार्शल परत जवळ आला. राग परत चढला. पंढरी मोजत राहिला, तीन वेळा, चार वेळा. मनाशी म्हणत राहिला, अरे, योगायोग असतो, म्हातारपण असतं, सकाळपासून पोटात नुसता चहा आहे. मांडीवरची थाळी पाडायची होती ती त्याने पाडली. आवाज घुमला. मार्शल दचकला नाही. छत्री उघडली. दचकला नाही.

मग पंढरीने जन्मात केलं नव्हतं ते केलं. न वळता, टाच उचलून, मागे असलेल्या पंज्यावर दाबून आपटली. अंदाजाने नाही, दुखावं म्हणून.

कुत्रा ओरडला नाही. त्याने पंढरीची टाच चाटली. आणि मोठा, तृप्त उसासा टाकून तो खाली बसला.

पंढरीने खाली बघितलं. थाळी त्याने उचलून परत मांडीवर घेतली होती. कधी घेतली ते आठवत नव्हतं. ती मधोमध वाकलेली होती आणि त्याच्या दोन्ही हातांच्या मुठी तिच्या कडांवर पांढऱ्या पडल्या होत्या.

३

"नाय," खाली येऊन तो म्हणाला.

ऋतुराज हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "काका, काय नाय?"

"जोड लावू नका याला."

"अहो, गुरगुरला का?"

"नाय."

"चावला?"

"नाय."

"मग कारण तर सांगा. चॅम्पियन लाइन आहे. पाच जण पिल्लांसाठी थांबलेत. मी त्यांना काय सांगू, काकांना आवडला नाही?"

पंढरी हळूहळू म्हणाला, "राग सगळ्यांत असतो, बाबा. चांगलं जनावर तो गिळतं. याच्यात राग नायच."

"मग चांगलंच आहे की."

ऋतुराजच्या मागे दार होतं. त्याच्या फळीवर, छातीच्या उंचीला, कोणीतरी कॅलेंडर लावलं होतं. कॅलेंडर दारावर कोण लावतो? त्याची खालची कड पंख्याने उडत होती आणि उडाली की मागे मुठीएवढं भोक दिसत होतं. कांता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. पंढरीने नाय म्हटलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, ते त्याने पाहिलं होतं.

घरी आल्यावर सगुणाने भात वाढला. भात कोमट होता. पंढरीने ताट सरकवलं आणि म्हणाला, "ह्यो भात कुत्र्याला घाल."

सगुणाने ताटाकडे बघितलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, या माणसाने जेवणाला नाव ठेवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "कुत्रं खई हाय आपल्याकडे?" आणि हसली. तो पण हसला. मग दोघं जेवले. झोपताना पंढरी म्हणाला, "उकाडा फार हाय." सगुणा म्हणाली, "हाय खरा."

४

थंडी आली तशी गेली. शिमगा जवळ आला. गावदेवीच्या मागे पोरांनी होळीला लाकडं रचायला सुरुवात केली. पंढरी ती मोहन्याची खोली विसरला होता, निदान तसं समजत होता.

एका रविवारी शेजारचा विठ्ठल दारात आला. विठ्ठल खेडकडचा, खोपटच्या डेपोत मेकॅनिक होता, आता रिटायर. इतका गरीब माणूस की भाजीवालीने कुजका टोमॅटो टाकला तर परत द्यायला लाजायचा. त्याच्या हातात शाल, शालीत बिस्किटाच्या रंगाचं पिल्लू. मागे नात रुचिता, सात वर्षांची, आनंदाने एका पायावर उड्या मारणारी. तिचे आईबाप पुण्याला नोकरीला, पोर इथे आजी-आजोबांकडे.

"भाऊ, घ्या, तुमचंच लेकरू," विठ्ठल म्हणाला. "आम्हाला कुत्र्यातलं काय कळतंय? दुकानवाल्याने चार दाखवली. मी म्हटलं, पंढरीभाऊंचा अंगठा ज्याच्या बापाला असेल तेच द्या. हे बघा."

त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला आणि चष्मा लावून वाचला. "नर, मार्शल. स्वभाव उत्तम. जोडीस योग्य."

खाली अंगठा होता. पंढरीला वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा येत होता. मिठाने लहानपणी चिरलेला, मधून आडवी पांढरी रेघ गेलेला.

"आजोबा, याचं नाव लाडू," रुचिता म्हणाली. "तो रडतच नाही. आईला सोडून आला तरी रडला नाही. मी चुकून त्याच्यावर बसले, तरी नाही."

पंढरीने पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. सगुणाने ठेवला. दार लागल्यावर तो तसाच उभा राहिला. याच बाळकुमात अंगठ्याने किती जणांचं काय काय गेलं हे त्याने बापाच्या पिढीपासून पाहिलं होतं. पण त्याचा स्वतःचा अंगठा अजून कोणाच्या घरात असा शिरला नव्हता. त्या घरात आता काही घडलं, त्या पोरीवर कोणाचा हात पडला, तर तो पंढरीच्या अंगठ्याने पडणार होता. त्याचे कान तापले. तो मनाशी म्हणाला, हा राग खरा आहे. याला कारण आहे. कुठल्या कुत्र्याची गरज नाही याला.

"पिल्लू परत द्यायला सांग त्यांना," तो सगुणाला म्हणाला.

"कसला परत? पोर बघा कशी नाचते. आणि काय सांगू? तुमी खोटा अंगठा दिला?"

"मी नाय खोटा दिला." हे तो इतक्या जोराने म्हणाला की सगुणाच्या हातातली परात खाली पडली.

५

सोमवारभर त्याने सगुणाकडून ऋतुराजला फोन लावून घेतले. वाजत राहिला, उचलला नाही. मंगळवारी सकाळी पंढरी खोपटला जाऊन कल्याणच्या एसटीत बसला, पुढे रिक्षाने मोहन्याला उतरला. ऋतुराजला काय बोलायचं ते त्याने वाटेत पाठ केलं होतं. चार वाक्यं होती. प्रत्येक फेरीला ती थोडी वाढत होती आणि त्यात त्याला माहीतही नव्हत्या अशा शिव्या येऊन बसत होत्या.

बंगल्याचं फाटक उघडं होतं. जाळीच्या खोल्या रिकाम्या. माद्या गेलेल्या. दिवाणखान्यात कांता खुर्चीवर बसली होती आणि तिच्या पायाशी मार्शल. शेपटी दोनदा जमिनीवर आपटून त्याने पंढरीला ओळख दिली. घरात एवढी शांतता होती की फ्रिजचा आवाज मोठा वाटत होता.

"या काका," कांता म्हणाली. "चहा घेणार?" आवाज गोड, अगदी आजारी माणसाशी बोलावं तसा.

"ऋतुराज खई हाय?"

"वर आहेत. आराम करतायत."

"माझ्या अंगठ्यावर त्याने हो लिवला."

"हो ना. माझ्यासमोरच लिहिलं. मी म्हटलं त्यांना, काका नाही म्हणालेत. तर ते म्हणाले, कागदाला कान नसतात." ती हसली. मार्शलच्या डोक्यावरून तिचा डावा हात फिरत होता, संथ, एकसारखा. उजवा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली. मुठीच्या खाली साडीवर एक काळपट डाग होता. पंढरी बघत असतानाच तो डाग थोडा मोठा झाला. बोटांच्या फटीतून काहीतरी हळू झिरपत होतं. कांताचं तिकडे लक्ष नव्हतं. तिची नखं तिच्याच तळव्यात गेली होती.

तेव्हा त्याला वरचा आवाज ऐकू आला. टक, टक, टक. मध्ये थोडा वेळ. परत टक, टक, टक. वरच्या खोलीचं दार कोणीतरी आतून वाजवत होतं. जोर नव्हता, घाई नव्हती. पुष्कळ वाजवून झाल्यावर सवयीने वाजवावं तसं.

"दार वाजतंय," पंढरी म्हणाला.

"वाजतं," कांता म्हणाली. "कालपासून वाजतं."

पंढरीला जिना दिसत होता. बारा पायऱ्या. वर कडी. कडी काढायला दोन बोटं लागतात. हे सगळं त्याला दिसत होतं आणि त्याच वेळी मार्शल उठला, शांतपणे चालत त्याच्यापाशी आला आणि त्याच्या पायाला अंग टेकवून उभा राहिला.

राहू दे त्याला, पंढरीच्या मनात आलं. राहू दे आत. माझ्या अंगठ्यावर लिहितो. राहू दे.

तो वळला आणि फाटकाबाहेर पडला.

परतीच्या एसटीत दुर्गाडीच्या पुलावर वारा तोंडाला लागला तेव्हा त्याला दरदरून घाम आला. आपण कडी काढली नाही. तिथे एक माणूस कोंडलेला होता आणि आपण कडी न काढता निघून आलो. शेजारच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोराला खिशातल्या चिठ्ठीवरचा ऋतुराजचा नंबर देऊन त्याने परत फोन लावला. या वेळी उचलला. पलीकडे कोणी बोललं नाही. लांबून, फार लांबून, टक, टक, टक. मग ठेवून दिला.

कोणाला तरी सांगायला हवं, असं त्याला ठाण्यापर्यंत वाटत होतं. खोपटला उतरेपर्यंत त्याने स्वतःला समजावलं की बाई आजारी आहे, नवराबायकोचं भांडण आहे, ऋतुराज तरुण आहे, खिडकीतून उडी मारेल. घरी पोचेपर्यंत त्याला फक्त एवढंच कळत होतं की दात दुखतायत. दिवसभर तो ते आवळून बसला होता.

६

त्या दिवसापासून शेजारी आवाज सुरू झाले.

चार इंची भिंत ती. विठ्ठलकडे कुकरची शिट्टी झाली की सगुणा आपला गॅस बघायची, एवढी पातळ. मंगळवारी संध्याकाळी पंढरी पलंगावर पडला होता तर भिंतीतून पुरुषाचा ओरडण्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. नुसती धार कळत होती. मग भांडं आपटल्याचा आवाज. मग बाईचं रडणं, तोंडात पदर कोंबून रडावं तसं.

पंढरी उठून स्वयंपाकघरात गेला. सगुणा ओट्याला टेकून खाली बसली होती.

"ऐकतेस ना?"

"ऐकतंय," ती म्हणाली.

"विठ्ठलला कधी असा ऐकला होता का? गाय होता गाय. आठ दिवस नाय झाले पिल्लू येऊन."

सगुणाने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमी जरा निजा. हळू बोला आणि निजा."

बुधवारी होळी. गावदेवीकडे बोंबा सुरू झाल्या आणि एका दिवसापुरतं सगळ्यांचंच ओरडणं एक झालं. शिमग्यात कोण कोणाला विचारतो, आमच्यात तर ओरडणं म्हणजे सणच, पंढरी मनाशी म्हणाला. पण गुरुवारी राख थंड झाली, रंग धुतले गेले, बाकी बिल्डिंग गप झाली, आणि भिंतीतला आवाज चालूच राहिला. घसा बसलेला आवाज. कोणाचं तरी नाव घेऊन परत परत तेच विचारणारा. पंढरीचा स्वतःचा घसाही बसला होता. धुळवडीची धूळ, दुसरं काय.

दुपारी तो स्वयंपाकघरात गेला तर लादीवर डाळ सांडलेली, डबा चेपून कोपऱ्यात. मांजर आलं असावं. तो गुडघ्यावर बसून डाळ गोळा करायला लागला.

"हात नका लावू," सगुणा दारातून म्हणाली. ती आत आली नाही. "मी भरते. तुमी बाहेर बसा."

"तुझ्या बांगड्या कुठं गेल्या?"

"फुटल्या," ती म्हणाली.

शेजारी आवाज चढला की पंढरी भिंतीला कान लावी. त्यात त्याला पिल्लाचा आवाज कधी आला नाही. घरात नुकतंच आलेलं पिल्लू, एकदा कुईं नाही, एकदा भुंकणं नाही. आणि रुचिताचाही नाही. याचीच त्याला जास्त भीती वाटे. पोर ओरडली असती तर बरं, निदान कळलं असतं. तो भिंतीला कपाळ टेकून उभा राही, आधी भिंत गार असायची, आणि त्याच्या कपाळाखाली ती हळूहळू ऊन होत जायची. माझ्या कपाळानेच होत असेल, तो म्हणे. दुसरं कशाने होणार?

गुरुवारी संध्याकाळी चापट ऐकू आली. एकच. जवळून. मग रडणं नाही, काही नाही.

पंढरीने तळहाताने भिंतीवर दणका दिला. "बस कर, विठ्ठल," तो ओरडला. "पोर हाय घरात."

शांत झालं. त्याचा तळहात कितीतरी वेळ चुरचुरत राहिला.

७

शुक्रवारी तो दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिला. काय करायचं ते ठरत होतं आणि विस्कटत होतं. विठ्ठलला सांगायचं की कागद खोटा आहे. ठीक. मग सगळ्या ठाण्या-कल्याणात पंढरीच्या अंगठ्याला कोणी विचारणार नाही. जाऊ दे. तीस वर्षं गेली तर गेली. पण एवढ्यावर तो थांबत नव्हता. विठ्ठलला सांगायचं, मग त्याची मानगूट धरायची. मग ऋतुराज. मग तो दुकानवाला. मग तो बिल्डर, ज्याने इतकी पातळ भिंत बांधली. मग धाकू, मेलेला असला तरी. यादी संपत नव्हती आणि प्रत्येक नावाला त्याला एक प्रकारचं सुख होत होतं, दुखरी हिरडी जिभेने दाबताना होतं तसलं.

मधेच एकदा त्याला आपण कोण होतो ते आठवलं. स्टुलावर पाठ करून तीन-तीन तास बसणारा माणूस. माशी बसली तरी न हलणारा. तो तसा बसून बघायला गेला. पलंगावर बसला, भिंतीकडे पाठ करून. डोळे मिटले. ऐकू लागला.

भिंतीपलीकडे, अगदी पाठीमागे, जमिनीलगत, कोणीतरी श्वास घेत होतं. छोटा श्वास. पिल्लाचा. सावकाश, झोपेतला. एवढाच. त्यापलीकडे शेजारच्या घरात कसलाही आवाज नव्हता. आणि तरी ओरडणं ऐकू येत होतं, आत्ता, या क्षणी.

तो झटकन उभा राहिला. हे त्याला बरोबर लागलं नाही, कुठेतरी हिशेब चुकत होता, पण तो शोधायला जी सावकाशी लागते ती आता त्याच्यापाशी नव्हती.

शनिवारी सकाळी त्याने ठरवलं. सगुणा अजून अंथरुणात होती, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. दोन दिवस ती फार झोपत होती. त्याने तिच्या अंगावर चादर नीट केली. ती आक्रसली, जागी असावी.

"नीज तू," तो म्हणाला. घशातून आवाज धड निघत नव्हता. "मी जाऊन पिल्लू घेऊन येतो. त्या पोरीला काय होऊ द्यायचा नाय मी. सगळा नीट करून येतो."

सगुणाने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

८

बेल वाजवायच्या आधीच त्याची मूठ दारावर पडली होती. एकदा, दोनदा, पाच वेळा. समोरच्या फ्लॅटचं दार फटीएवढं उघडून लगेच लागलं.

विठ्ठलची बायको मालन हिने दार उघडलं. हातात लाटणं, हात पिठाने भरलेले. तिच्या मागे घर दिसत होतं. पंढरीने डोळे फाडून बघितलं. कुठे काही फुटलेलं नव्हतं. टीव्हीवर हळू आवाजात कार्टून. रुचिता जमिनीवर पालथी पडून वहीत रंग भरत होती, पाय हवेत हलवत. तिच्या गालावर खूण नव्हती, हातावर नव्हती. तिने मान वर करून पंढरीकडे बघितलं आणि तिचे पाय हलायचे थांबले.

पिल्लू तिच्यापासून लांब होतं. दोन घरांच्या मधल्या भिंतीला, पंढरीच्या पलंगामागच्या भिंतीला पाठ लावून झोपलं होतं. पोट टम्म, अंगावर चकाकी. सहा दिवसांत दुप्पट झालेलं.

"मालनबाय, विठ्ठलला बोलव," पंढरी म्हणाला. "चार दिवस ऐकतोय मी. तुझ्यावर हात टाकतो, भांडी फेकतो. आज ऐकून घेणार नाय. ते पिल्लू दे माझ्याकडे आणि त्याला बोलव बाहेर. कागद खोटा हाय. मी नाय म्हटलं होतं. कोणाला पण विचार, मी नाय म्हटलं होतं."

मालनने लाटणं दुसऱ्या हातात घेतलं, मग परत पहिल्या. पंढरीला दिसलं की ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्याच्या हातांकडे बघत होती. त्याने मुठी उघडायचा प्रयत्न केला. त्या उघडेनात.

"आत जा गं, रुचिता," मालन मागे न बघता म्हणाली. "दार लावून घे."

पोर उठली आणि आत पळाली. पिल्लाने झोपेतच अंग ताणलं.

मालनने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. लहान पोराला समजवावं तसं, एकेक शब्द सांभाळत ती बोलली.

"हे कुठे घरात आहेत, पंढरीभाऊ? शिमग्याला गावी गेलेत, मंगळवारच्या सकाळीच. घरात मी आणि ही पोर, दोघीच. ओरडणं तुमच्या घरातनं येतंय, चार दिवस. सगुणावैनी परवापासून दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना त्या?"